शेवटचे चार

औषधाचं दुकान, लायब्ररी, जिम, सिमकार्ड. गोथेनबर्गमधल्या माझ्या पहिल्या महिन्यात काउंटरपलीकडची माणसं बदलत होती, प्रश्न मात्र एकच : "शेवटचे चार?"

स्वीडनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचा एक व्यक्तिक्रमांक असतो. स्वीडिशमध्ये त्याला 'पेर्शूननुम्मर' म्हणतात. रोजच्या वापरात तो दहा आकडी लिहितात. पहिले सहा आकडे म्हणजे जन्माचं वर्ष, महिना, दिवस. मग एक छोटी आडवी रेघ. मग चार आकडे. लोक ते मोठ्याने, रांगेत मागे कोण उभं आहे हे न बघता सांगतात. आधारचे आकडे झाकायची सवय लागलेल्या मला ते ऐकून सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर हेवा वाटायला लागला, कारण माझ्याकडे सांगायला चार आकडेच नव्हते.

क्रमांक देतं कर खातं, 'स्कात्तेवेर्केत'. नियम म्हटला तर सोपा आहे. परदेशी माणूस इथे किमान एक वर्ष राहणार असेल, तर त्याची लोकसंख्येच्या रजिस्टरात नोंद होते आणि नोंद झाली की क्रमांक मिळतो. मी पासपोर्ट, निवास परवाना आणि नोकरीचं पत्र घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले, जन्मतारीख दोनदा वाचून दाखवली. ती बरोबर होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या आबांची कागदावरची जन्मतारीख बरोबर नाही, आणि त्याचा पुढे संबंध येणार आहे. पत्र काही आठवड्यांत घरी येईल, म्हणाल्या. उठताना त्यांनी बजावलं, दारावर तुमचं नाव लावा. इथे पोस्टमन दारावरचं नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. मी भाड्याच्या एका खोलीत राहत होतो, दारावर मालकाचं आडनाव. संध्याकाळी वहीचा कागद फाडून त्यावर नाव लिहिलं आणि सेलोटेपने चिकटवलं.

मधले सात आठवडे एका चक्रात गेले. बँक खातं उघडायला क्रमांक आणि इथलं ओळखपत्र हवं. ओळखपत्राला क्रमांक हवा. बँकांनी २००३ साली सुरू केलेली 'बँकआयडी' नावाची डिजिटल ओळख हवी, तर आधी बँक खातं हवं. आणि डॉक्टरची वेळ घेण्यापासून घरासाठी रांगेत नाव लावण्यापर्यंत बहुतेक सगळ्याला बँकआयडी हवी. एका बँकेतल्या तरुण मुलाने अतिशय नम्रपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला. "हे बघ, सिस्टिम पुढे जाऊच देत नाही." लाल चौकटीतला तो रिकामा रकाना मी बघत राहिलो. मी पोटासाठी असेच रकाने बनवतो.

क्रमांक आला, आयुष्य एका आठवड्यात सुरळीत झालं. मग मला प्रश्न पडला : माणसांची नोंद करायचं काम कर खात्याकडे का? आपल्याकडे जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायत किंवा नगरपालिका करते, आयकर खात्याचा त्याच्याशी संबंध नाही. उत्तर शोधत मागेमागे गेलो तो थेट चर्चमध्ये पोचलो.

*

१६८६ साली स्वीडनमध्ये एक चर्च कायदा झाला. प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या वस्तीच्या धर्मगुरूने आपल्या भागातले जन्म-बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू आणि येणारी-जाणारी माणसं वहीत लिहायची, असं त्यात ठरलं. काही ठिकाणी अशा वह्या त्याआधीपासून होत्या. कायद्याने त्या देशभर सक्तीच्या केल्या. शिवाय धर्मगुरूने घरोघरच्या माणसांची परीक्षा घ्यायची. कुटुंबातल्या सगळ्यांना, गडी-मोलकरणींसकट, समोर बसवून वाचता येतं का आणि ल्यूथरची छोटी प्रश्नोत्तरी पाठ आहे का, ते तपासायचं आणि वहीत खूण करायची.

या वह्यांचे स्कॅन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. डिसेंबरात दुपारी साडेतीनला अंधार पडतो. अशा काही संध्याकाळी मी त्यात घालवल्या. अक्षर भयंकर, भाषा जुनी, पण रकाने समजतात. नाव. जन्म. वाचन. पाठांतर. अर्थ समजतो का. एकोणिसाव्या शतकातल्या वह्यांत देवीचा रोग येऊन गेला की लस टोचली. कुठून आला, कुठे गेला. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, ज्यात धर्मगुरू मनाला येईल ते लिहू शकत असे. एका पानावर पूर्ण घरच्या घर एकामागून एक आडव्या रेघेने खोडलेलं. खोडलं म्हणजे मेलं असं नाही; बहुतेकदा गाव सोडलं.

गाव सोडणं हीच या यंत्रणेची खरी परीक्षा होती. एका पॅरिशमधून दुसरीकडे राहायला जायचं तर जुन्या धर्मगुरूचा दाखला न्यायचा आणि नव्याला द्यायचा. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला असतो, तसा हा गाव सोडल्याचा दाखला. साधारण १८५० ते १९३० या काळात दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली, त्यातली असंख्य याच गोथेनबर्गच्या बंदरातून. त्यांच्या नावापुढे धर्मगुरूने 'उत्तर अमेरिका' लिहिलं आणि रेघ मारली. पण सगळे काही सांगून जात नाहीत. कुणी कर्ज ठेवून जातो, कुणी बायको ठेवून. अशा, नाव वहीत आहे पण माणूस सापडत नाही, लोकांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळी वही आली. तिच्या नावाचं मराठी करायचं तर 'न सापडणाऱ्यांची वही'. नोंद न होणं नव्हे, न सापडण्याचीही नोंद होणं. मला हे प्रचंड स्वीडिश वाटतं.

सरकारला या वह्यांची किंमत लवकर कळली. १७४९ पासून धर्मगुरूंना आपल्या वह्यांवरून ठरावीक तक्ते भरून वर पाठवावे लागले. इतक्या जुन्या आणि सलग राष्ट्रीय आकडेवारीला जगात फार जोड नाही. पहिल्या बेरजेतून देशाची लोकसंख्या वाटली होती त्याहून कमी निघाली, आणि शत्रूला कळू नये म्हणून सुरुवातीची काही वर्षं तो आकडा चक्क गुपित ठेवला.

*

क्रमांक आला १९४७ साली. आपल्याला ते साल वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षीपासून प्रत्येक माणसाच्या नावाचा स्वतंत्र कागद बनला, आणि माणूस पॅरिश बदलला की तो कागद त्याच्या मागोमाग नव्या चर्चच्या कार्यालयात जाऊ लागला. या कागदाला खूण हवी म्हणून जन्मतारीख आणि पुढे तीन आकडे. सबंध लोकसंख्येला असा क्रमांक देणाऱ्या पहिल्या देशांपैकी स्वीडन एक. पुढच्याच वर्षी प्रत्येक मुलामागे सरसकट भत्ता सुरू झाला. कोणाचं मूल, किती वर्षांचं, कुठे राहतं, हे आधीच माहीत असेल तर असा भत्ता वाटणं सोपं जातं. कल्याणकारी राज्याचं कौतुक करताना लोक करांबद्दल बोलतात, या वह्यांबद्दल बोलत नाहीत.

१९६७ मध्ये, काम संगणकावर जाताना, दहावा आकडा लागला. तो तपासणीचा आकडा. आधीचे आकडे आळीपाळीने दोनने आणि एकने गुणायचे, गुणाकार दोन आकडी आला तर त्याचे आकडे मिळवायचे, सगळ्याची बेरीज दहाच्या पटीत आणायला जितके कमी पडतात तो शेवटचा आकडा. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची ही पद्धत. तुमच्या क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातही तीच आहे. एक आकडा चुकीचा टाइप केला की ती पकडते.

बाकीचे आकडे मात्र बोलके होते, आणि अजूनही आहेत. नववा आकडा विषम असेल तर पुरुष, सम असेल तर स्त्री. १९९० पर्यंत सातवा आणि आठवा आकडा मिळून जन्माचा जिल्हा सांगायचे. परदेशातून आलेल्यांना जिल्हा कुठला? त्यांना नव्वदीतले आकडे मिळायचे. म्हणजे नाव बदला, भाषा शिका, तीस वर्षं इथे काढा. शेवटचे चार सांगितले की काउंटरपलीकडच्या जाणत्या माणसाला तुम्ही बाहेरचे हे कळलंच. १९९० पासून ही पद्धत बंद झाली, पण ज्यांना तसे क्रमांक मिळाले होते त्यांचे तेच राहिले. आडव्या रेघेचं मात्र मला अजूनही अप्रूप आहे. शंभराव्या वर्षी तिच्या जागी अधिकचं चिन्ह येतं, नाहीतर दोन आकडी वर्षामुळे पणजी आणि पणतू एकाच वयाचे व्हायचे.

आणि हे सगळं रजिस्टर १ जुलै १९९१ पर्यंत चर्चकडेच होतं. चिलीच्या लष्करी उठावानंतर आलेला कॅथलिक, ऐंशीच्या दशकात आलेला इराणी मुसलमान, एखादा चुकार मराठी हिंदू, सगळ्यांचा कागद ल्यूथरपंथी चर्चच्या कार्यालयात. त्या तारखेपासून काम कर खात्याकडे गेलं. कर आकारायचा तर कोण कुठे राहतं हे त्यांना लागायचंच, म्हणून ते त्यांच्याकडे. माझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

इथे थांबलो असतो तर ही शिस्तीची गोड गोष्ट झाली असती. पण चांगली वही कोणाच्याही हातात चांगलीच चालते. हर्मन लुंडबोर्ग नावाच्या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच चर्चच्या वह्यांवरून एका शेतकरी घराण्यातल्या २,२३२ माणसांची वंशावळ मांडली, त्यांच्यातले आजार आणि 'दोष' शोधले. १९२२ साली उप्सालात वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली तेव्हा तिचा प्रमुख तोच होता. पुढे १९८६ मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आलं की १९५३ साली जन्मलेल्या आणि स्टॉकहोम भागात राहणाऱ्या सुमारे १५,००० जणांची शाळेची, आजारपणाची, गुन्ह्यांची माहिती एका समाजशास्त्रीय अभ्यासासाठी वर्षानुवर्षं जोडली जात होती. त्यांतल्या बहुतेकांना पत्ताच नव्हता. जोडणारा दोरा अर्थात व्यक्तिक्रमांक. देशव्यापी माहिती संरक्षणाचा जगातला पहिला कायदा १९७३ साली स्वीडननेच केला होता, तो असताना हे झालं. गदारोळ झाला, शेवटी नावं आणि क्रमांक पुसून टाकले गेले. २०१३ मध्ये दक्षिणेतल्या स्कोने भागातल्या पोलिसांकडे रोमा लोकांची यादी सापडली. चार हजारांहून जास्त नावं, त्यात तान्ही मुलंसुद्धा. कुणी गुन्हा केला म्हणून नव्हे, कुणाचे कोण म्हणून.

*

आता माझी गोष्ट. मी ज्या कंपनीत आहे ती दवाखान्यांसाठी वेळ ठरवायचं सॉफ्टवेअर बनवते. रुग्ण क्रमांक टाकतो, जन्मतारीख टाकतो, दोन्ही जुळले की पुढे जातो. हा जुळवायचा भाग मी लिहिला होता. लूनची बेरीज, तारीख खरी आहे का, दोन्ही तारखा सारख्या आहेत का. पन्नासेक ओळी. सहकाऱ्यांनी तपासल्या, चाचण्या हिरव्या झाल्या. मी खूश होतो.

एका सोमवारी मदतकक्षाकडून तक्रार आली. अफगाणिस्तानातून आलेला एक माणूस, इथे बरीच वर्षं राहिलेला. पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा लाल चौकट : 'जन्मतारीख क्रमांकाशी जुळत नाही. कृपया तपासून पहा.' त्याने खाली लिहिलं होतं, मी नीट तपासलं आहे, माझ्या क्रमांकातच माझी तारीख नाही.

मला वाटलं, काहीतरी गैरसमज असणार. कायदा उघडला तर माणूस बरोबर होता. जन्मतारखेपुढचे तीन आकडे ००१ ते ९९९. विषम पुरुषांचे, सम स्त्रियांचे. म्हणजे एका तारखेला फार तर ५०० पुरुष मावतात. स्वीडनमध्ये एका दिवशी जन्मणाऱ्या मुलांना ते पुरतात. पण ज्यांना नेमकी तारीख ठाऊक नाही, किंवा ज्यांच्या देशात तारीख लिहिण्याची पद्धतच वेगळी, अशांच्या कागदावर १ जानेवारी येते. २०१५ या एका वर्षात स्वीडनकडे सुमारे १,६३,००० लोकांनी आश्रय मागितला. काही सालांची १ जानेवारी भरून गेली. मग कायद्यातच सोय आहे : त्या तारखेचे आकडे संपले तर त्याच महिन्यातला जवळचा दिवस क्रमांकात घालायचा. त्याची नोंदलेली जन्मतारीख १ जानेवारीच होती, क्रमांकात ४ होती. मी मात्र क्रमांक म्हणजे जन्मतारीख, असं गृहीत धरून बसलो होतो.

कोड उघडलाच होता म्हणून आणखी खाली गेलो आणि त्याहून वाईट सापडलं. जे एक वर्षापेक्षा कमी राहणार आहेत, किंवा ज्यांची रजिस्टरात नोंद होऊ शकत नाही, त्यांना इथे २००० सालापासून 'समन्वय क्रमांक' मिळतो. दिसायला सारखाच, फक्त दिवसात ६० मिळवलेले. १ तारीख असेल तर ६१. हा क्रमांक पाच वर्षांनी निद्रिस्त होतो, मुदत वाढवली नाही तर. २०२३ पासून त्याच्यासोबत माणसाच्या ओळखीचा दर्जाही लागतो : सिद्ध, संभाव्य, किंवा अनिश्चित. बांधकामावरचे पोलिश मजूर, काही महिन्यांसाठी आलेले संशोधक, निकालाची वाट बघणारे आश्रयार्थी. मी सात आठवडे ज्या दारात उभा होतो, तिथेच ही माणसं वर्षानुवर्षं उभी असतात. माझ्या कोडला ६१ तारीख माहीत नव्हती. 'अवैध क्रमांक' म्हणून तो त्यांना पहिल्याच पायरीवर परत पाठवत होता. त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार आली नव्हती, कारण तक्रारीचा फॉर्म लॉगिन केल्यावर दिसायचा.

*

मी शहाद्याचा. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान आणि सोनिया गांधी आल्या होत्या. मी तेव्हा आठवीत होतो. हेलिकॉप्टर बघायला मिळालं नाही याचं दुःख जास्त होतं. पुढे कामासाठी आधारची रचना वाचली तेव्हा कळलं की तो क्रमांक मुद्दाम मुका ठेवलाय. बारा आकड्यांत ना जन्मतारीख, ना लिंग, ना जिल्हा. शेवटचा आकडा तपासणीचा, व्हरहूफ पद्धतीचा, जी शेजारचे आकडे उलटसुलट झाले तरी पकडते. आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो. त्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही. आणि अर्जात जन्मतारीख कागदावरून पडताळलेली की नुसती सांगितलेली, असा भेद केलेला आहे. आधारबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण ज्याने हा भेद ठेवला त्याला आमच्याकडची माणसं ठाऊक होती.

माझे आबा प्राथमिक शिक्षक. सातपुड्याच्या पायथ्याशी, भिल्ल-पावरा वस्तीतल्या शाळांत त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांची स्वतःची तारीख १ जून, त्यांच्या गुरुजींनी लावलेली. आबांनीही तीच तारीख शेकडो मुलांना लावली. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जो पूर येतो, त्यातला एक ओहोळ आमच्या घरातून निघालेला आहे.

दुरुस्ती केली. नव्या चाचण्यांमध्ये ६१ तारीख घातली, न जुळणारी तारीख घातली, आणि का कोण जाणे, सगळ्या नमुना जन्मतारखा १ जून ठेवल्या. कोड तपासणाऱ्या स्वीडिश सहकाऱ्याने विचारलं, सगळ्यांची एकच तारीख कशी? म्हटलं, आमच्याकडे असते.

रविवारी आबांना फोन केला. विचारलं, सगळ्यांना १ जूनच का लावायचात?

"आया सांगायच्या ना भाऊ. भोंगऱ्या बाजाराच्या आधी झाला. दुष्काळाच्या वर्षी, मका संपला तेव्हा झाली. त्यांना चांगलं लक्षात असायचं. पण रजिस्टरात भोंगऱ्या लिहायला जागा कुठे? आणि रकाना मोकळा सोडला की साहेब रजिस्टर परत पाठवायचे. मग पोरगं त्या वर्षी शाळेत नाही. १ जूनला वय भरत होतं." मग जरा थांबून म्हणाले, "वर्ष मात्र मी विचारूनच लावायचो."

मी त्यांना त्या अफगाणी माणसाचं सांगितलं. ५०० जागांचं गणित त्यांना लगेच कळलं, हसले. मग विचारलं, "त्याचं काम झालं का?"

झालं, म्हटलं. त्याने दवाखान्यात फोन करून वेळ घेतली होती, माझी दुरुस्ती पोचायच्या तीन दिवस आधी.